ऐकलं, कळलं, पटलं: तुमचा 'हो' नक्की कोणता?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी नवीन टीममध्ये गेलात, टीम लीड दुसऱ्या देशात बसतो, कॉलवर त्याचं निम्मं बोलणं डोक्यावरून जातं आणि तुम्ही "येस, येस" करून वेळ मारून नेता. चॅटवर तुम्ही काही सविस्तर लिहून पाठवलं की त्याचं उत्तर नुसतं "ओके." येतं आणि मग तुमची अख्खी संध्याकाळ हा चिडलाय का या विचारात जाते. तिसरं म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी लसींच्या विरोधात फार ठामपणे बोलतो, तुम्ही एकदा वाद घातलात, आठवडाभर अबोला झाला, तेव्हापासून त्याने विषय काढला की तुम्ही मान डोलावून मोकळे होता. आणि शेवटी विचारलंय की माझं कम्युनिकेशन कच्चं आहे, स्पोकन इंग्लिशचा कोर्स लावू का.

मी १९ वर्षं फोनवरून कस्टमर सपोर्ट देणाऱ्या लोकांना शिकवतेय, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या माणसांचं बोलणं ऐकायचं, रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पुन्हा ऐकायचं, आणि गेली काही वर्षं टीमटीममधली भांडणं मिटवायचं कामही माझ्याकडेच येतं. तर कोर्सचं आधी सांगून टाकते, आत्ता लावू नका. तिथे बोलायला शिकवतील, आणि तुमची अडचण बोलण्याची नाहीच आहे.

मला जे दिसतंय ते असं. "हो" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. ऐकलं, कळलं आणि पटलं. आपलं "बरं" घ्या ना, आई "बरं" म्हणते तेव्हा त्याचा अर्थ "ऐकलं" आहे, "ठीक आहे जा" आहे की "जाऊन तर बघ" आहे, हे घरातल्या प्रत्येकाला सुरावरून कळतं, बाहेरच्याला कळणार नाही. तुमच्या तिन्ही प्रसंगांत हेच झालंय. लीडला तुम्ही "येस" म्हणता ते "आवाज येतोय" एवढ्याच अर्थाने, त्याला वाटतं काम कळलं. तो "ओके." लिहितो ते बहुतेक "मेसेज पोचला" म्हणून, तुम्ही त्यात "पटलेलं नाही" वाचता. सहकाऱ्यापुढे मान डोलावता ती "ऐकतोय बाबा" म्हणून, आणि तो मनात मोजतो की चला, याला पटलं. तीन ठिकाणी एकच घोळ आहे, म्हणून मी तिन्हींचं उत्तर एकत्रच देतेय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत ते आधीच सांगते. लीड स्वभावाने कसा आहे, "कळलं नाही" म्हटल्यावर मदत करतो की टोमणे मारतो, तुमची नोकरी प्रोबेशनवर आहे का, यावरून किती उघडपणे विचारायचं ते ठरेल. आणि एक गोष्ट आवर्जून तपासा, ओळखीच्या माणसांचं बोलणंही गोंगाटात निसटतं का? तसं होत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऐकण्याची टेस्ट करून घ्या. माझ्याकडे शिकायला आलेल्या दोघांची अडचण उच्चारांची नव्हती, कानाचीच होती, आणि दोघांनीही त्यापायी कित्येक महिने स्वतःला मठ्ठ ठरवलं होतं.

आता उच्चारांकडे येते. अनोळखी उच्चार कळत नाहीत यात हुशारीचा काही संबंध नाही. कॅनडात जॅनेट वेर्कर यांनी १९८४ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले "ट" आणि "त" ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यातला फरक कळत होता, दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. म्हणजे आपल्या भाषेला न लागणारे फरक कान वर्षभराच्या आतच सोडून द्यायला लागतो. त्यांना ट-त जड जातं तसं आपल्याला त्यांचे दोन वेगळे "व" जड जातात. इंग्रजीत पश्चिम दिशेचा शब्द, बनियनचा शब्द आणि वाया जाण्याचा शब्द हे तीन वेगळे उच्चार आहेत आणि आपण तिन्हींना बिनधास्त "वेस्ट" म्हणतो. त्यामुळे तुमचा लीडसुद्धा तिकडे बसून तुमच्या बोलण्याचा अंदाजच बांधत असणार, हे लक्षात ठेवा म्हणजे अर्धा संकोच तिथेच जाईल.

चांगली बातमी अशी की कान परत शिकतो, आणि बराच पटकन शिकतो. २००४ साली क्लार्क आणि गॅरेट या संशोधकांनी दाखवलं होतं की परक्या उच्चारातलं इंग्रजी ऐकताना सुरुवातीला श्रोता मंदावतो, पण एका मिनिटाच्या आतच त्याचा वेग सुधारायला लागतो. ती प्रयोगशाळा होती, स्पष्ट वाक्यं होती, तुमच्या कॉलवर एवढ्या लवकर होणार नाही. पण दिशा तीच. आणि २००८ मध्ये ब्रॅडलो आणि बेंट यांना आढळलं की एकाच उच्चाराच्या अनेक माणसांना ऐकलं तर त्याच उच्चाराचा नवीन माणूसही समजायला लागतो. म्हणून मी माझ्याकडे शिकणाऱ्यांना एकाच माणसाची दहा रेकॉर्डिंग्ज देत नाही, दहा माणसांची एकेक देते. तुम्हीही लीडच्या भागातल्या चार-पाच वेगवेगळ्या माणसांच्या मुलाखती किंवा भाषणं शोधा, रोज पंधरा मिनिटं, आधी सबटायटल लावून आणि मग तोच भाग सबटायटलशिवाय.

पण नुसतं ऐकून भागत नाही, नमुना पकडावा लागतो. एक प्रसंग सांगते. माझ्याकडे नवीन आलेली एक मुलगी, दुसऱ्याच आठवड्यात तिला एक कॉल आला, समोरचा माणूस सारखा म्हणतोय "माय पाईल इज नॉट ओपनिंग". हिने तीनदा विचारलं, "सॉरी?" त्याने तीनदा तेच वाक्य म्हटलं, प्रत्येक वेळी जास्त जोरात. तिच्या डोक्यात पाईल म्हणजे ढीग, आणि ढीग उघडणार कसा, ती रडायच्या बेताला आली. संध्याकाळी आम्ही ते रेकॉर्डिंग घेऊन बसलो आणि मी तिला अर्थाकडे बघायचंच नाही असं सांगितलं, फक्त प कुठे कुठे येतोय तेवढं लिही म्हटलं. पाईल, पोल्डर, पिप्टी पोर. तिसऱ्या शब्दाला तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, मॅडम, याचा फ म्हणजे प आहे. फाईल, फोल्डर, फिफ्टी फोर. त्यानंतर अख्खं रेकॉर्डिंग तिने न थांबवता समजून घेतलं. तुमच्या लीडचे असे तीन-चारच अक्षरबदल असतील, शिवाय शब्दात जोर कुठे देतो ते वेगळं असेल. वहीचं एक पान करा, डावीकडे तुम्हाला ऐकू आलेलं, उजवीकडे खरा शब्द. पान भरायच्या आधीच फरक जाणवेल.

थोडं लाईनबद्दलही, कारण लोक याकडे बघतच नाहीत. साधा जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवतो आणि "स"ची बरीचशी धार त्याच्या वर असते, म्हणून डायल करून मीटिंगला जोडलं की स आणि फ एकसारखे ऐकू येतात. कॉम्प्युटरवरून जोडा, चांगला हेडसेट वापरा, आणि जमलं तर लीडला कॅमेरा सुरू ठेवायची विनंती करा. ओठ दिसले की फार मदत होते, डोळेसुद्धा ऐकण्याचं काम करतात हे १९७६ सालीच मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलंय, आवाज "बा"चा आणि ओठ "गा"चे लावले तर लोकांना "दा" ऐकू येत होतं.

आता मूळ मुद्दा, "येस येस". न कळल्यावर आपण जगभर काय करतो तर "आँ?" म्हणतो. हे मी गमतीने म्हणत नाहीये, डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ३१ भाषा तपासल्या आणि "आँ?"सारखा आवाज सगळीकडे जवळपास सारखाच सापडला. २०१५ मध्ये त्यांनीच १२ भाषांमधल्या साध्या गप्पा मोजल्या, तर सरासरी साधारण दर दीड मिनिटाला कुणीतरी कुणालातरी थांबवून "काय म्हणालास?" विचारत होतं. दीड मिनिटाला! आपल्याच भाषेत, आपल्याच माणसांमध्ये. आणि तुम्ही परक्या उच्चारात अर्धा तास एकदाही न विचारता काढता.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती आणि मला ती रोज उपयोगी पडते. माणसं शक्य असेल तेवढा नेमका प्रश्न विचारतात, अगदीच काही कळलं नाही तरच "आँ?", नाहीतर "कोण?", नाहीतर "शुक्रवारी ना?". नुसतं "सॉरी?" विचारलं की समोरच्याला अडलंय कुठे ते कळत नाही आणि तो तेच वाक्य मोठ्याने म्हणतो, त्या पाईलवाल्या माणसासारखं. म्हणून जेवढं कळलं तेवढं आधी परत सांगा आणि भोक कुठे आहे ते दाखवा. "रिपोर्ट शुक्रवारपर्यंत हवाय हे कळलं, कुणाला पाठवायचा ते नाव निसटलं." यात तुम्ही लक्ष देऊन ऐकत होतात हेही कळतं, आणि समोरच्याला एकच शब्द परत म्हणायचा असतो, त्यामुळे त्यालाही त्रास होत नाही. आणि हे लगेच विचारा. पहिल्याच कॉलला विचारायला दहा सेकंद लागतात, चार महिन्यांनी त्याच गोष्टीला धीर गोळा करावा लागतो, तुमचं आत्ता तेच झालंय.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कॉलवर वरिष्ठांनी जुन्या खात्यांबद्दल एक वाक्य सांगितलं, मला ऐकू आलं "यू कॅन क्लोज देम", मी येस म्हटलं आणि चाळीसेक ग्राहकांना खातं बंद होतंय असं कळवून टाकलं. ते म्हणाले होते "कॅन्ट", म्हणजे बंद करता येणार नाहीत. त्यांच्या बोलण्यात शेवटचा ट जवळजवळ ऐकूच येत नसे. दोन दिवस मी एकेकाला फोन करून माफी मागत होते, आणि एका आजोबांनी काळजीने रात्रभर झोप लागली नाही असं सांगितलं ते मला अजून आठवतं. नंतर कळलं की अशा उच्चारात होकाराचं "कॅन" घाईत "कन" असं चिरडून जातं आणि नकाराचं मात्र ठसठशीत, जोर देऊन येतं, म्हणजे "कॅन" अगदी स्वच्छ ऐकू आलं की तिथेच सावध व्हायचं! तेव्हापासून चार गोष्टी मी कधीही परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, आकडा, तारीख, नाव आणि नकार. बाकीचं थोडंफार चुकलं तरी निभावतं.

विमानवाल्यांना हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या तेनेरिफेच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण त्यातलं एक हे की एका वैमानिकाने "आम्ही आता टेकऑफवर आहोत" अशा अर्थाचं अर्धवट वाक्य म्हटलं आणि टॉवरकडून उत्तराची सुरुवात झाली "ओके". त्यापुढे "थांबा, मी सांगतो" होतं, पण त्याच क्षणी दुसरं विमानही रेडिओवर बोलल्यामुळे ते नीट पोचलंच नाही. टॉवरचं "ओके" म्हणजे ऐकलं, विमानात ते परवानगीसारखं ऐकू गेलं. त्यानंतर नियम कडक झाले, टेकऑफ हा शब्द खरोखरची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, आणि महत्त्वाची सूचना नुसत्या "ओके"वर सोडायची नाही, वैमानिकाने तिचा मुख्य भाग परत म्हणायचा. तुमच्या कॉलवर कुणाचा जीव जात नाही हे मान्य, पण "येस" ऐवजी परत म्हणून दाखवायची सवय तीच आहे.

आणि इथून आपण तुमच्या लीडच्या "ओके."वर आलोच.

लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते किती महागात पडतं याचा अंदाज नसतो. २००५ साली क्रूगर, एप्ली वगैरेंनी एक प्रयोग केला, लोकांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने लिहून पाठवायची आणि वाचणाऱ्याने ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की ७८ टक्के वेळा बरोबर ओळखतील. आवाजात सांगितलं तेव्हा ७३ टक्के ओळखलं गेलं, ईमेलवर फक्त ५६. नाणं उडवल्यापेक्षा थोडंसं जास्त. कारण लिहिताना आपला सूर आपल्या डोक्यात वाजत असतो आणि तो पोचतोय असंच वाटत राहतं.

त्यात तो पूर्णविराम. २०१५ मध्ये बिंगहॅम्टन विद्यापीठात बघितलं गेलं की मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना ते कमी मनापासून दिलेलं वाटलं, तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असताना काही फरक पडला नाही. म्हणजे पूर्णविराम कोरडा वाटणं हे तुमचं खूळ नाही, खूप जणांना तसं वाटतं. पण कितीतरी लोक पूर्णविराम नुसत्या सवयीने देतात, शाळेत शिकवलं म्हणून देतात. म्हणून मी दोन गोष्टी बघायला सांगते. एक, तो बाकीच्यांना काय लिहितो? ग्रुपवर मागे जाऊन वाचा, सगळ्यांनाच "ओके." असेल तर विषय संपला. दुसरं, त्याच्यात बदल झालाय का? एरवी दोन ओळी लिहिणारा माणूस आठवडाभर एका शब्दावर आला असेल तर काहीतरी असू शकतं. एका मेसेजवरून माणसाच्या मनाची परीक्षा करू नका, त्याच्या नेहमीच्या पद्धतीशी ताडून बघा.

आणि विचारायचंच असेल तर मूडबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. "तुम्ही नाराज आहात का?" याचं उत्तर कामाच्या ठिकाणी कुणीही खरं देत नाही, उलट नसलेला विषय तयार होतो. त्याऐवजी "म्हणजे मी हे आज क्लायंटला पाठवू, की तुम्ही आधी बघणार?" असं विचारलं की "ओके"चा अर्थ आपोआप बाहेर येतो.

अर्धा दोष मात्र तुमच्या मेसेजकडे असू शकतो, रागावू नका. तुम्ही उदाहरण दिलंय तो मेसेज मी बघितला, नमस्कार, मग आधी काय झालं, मग काय प्रयत्न केला, मग तीन शक्यता, आणि प्रश्न सगळ्यात शेवटी, तोही "तुम्हाला काय वाटतं ते कळवा" असा. तो माणूस दोन मीटिंगच्या मधे फोनवर वाचतोय, त्याला त्यात विचारलेलं दिसतच नाही, माहिती दिसते, आणि माहितीला "ओके."च उत्तर असतं! तोच मेसेज असा लिहा: "आज चारच्या आत एक निर्णय हवाय. जुना डेटा ठेवायचा की काढायचा? माझ्या मते ठेवावा, कारण ऑडिटला लागेल. चारपर्यंत उत्तर आलं नाही तर मी ठेवतोय. सविस्तर खाली." याला "ओके." आलं तरी तुमचं अडत नाही, कशाला ओके ते ठरलेलं आहे. अर्थात "उत्तर आलं नाही तर मी असं करतोय" हे तुमच्या अधिकारातल्या आणि नंतर फिरवता येईल अशाच कामाला लिहा, डेटा काढून टाकायला नाही. आणि नुसतं "हाय" पाठवून उत्तराची वाट बघायची सवय असेल तर ती सोडा, वेगळ्या टाईमझोनमध्ये त्या एका हायपायी अख्खा दिवस जातो.

अंगठ्याच्या इमोजीचंही तेच. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याला खरेदीदाराने जवसाच्या विक्रीच्या कराराचा फोटो मेसेजवर पाठवला आणि कन्फर्म करा म्हटलं, त्याने अंगठा पाठवला. माल दिला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं की अंगठा म्हणजे फक्त मिळाला, कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं की या दोघांचा आधीचा व्यवहार बघता अंगठा म्हणजे मान्य, आणि ८२ हजारांवर कॅनेडियन डॉलर भरपाई बसली. ऐकलं आणि पटलं यातला फरक न लिहिल्याची ती किंमत. म्हणून मी माझ्या टीममध्ये साधे शब्द ठरवून टाकलेत, "मिळालं, वाचून सांगते", "कळलं, करते", "कळलं, पण माझं मत वेगळं आहे". सुरुवातीला कृत्रिम वाटलं सगळ्यांना. आता कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि एकाच गोष्टीवर तिसरा मेसेज लिहायची वेळ आली की लिहायचं थांबवून फोन करायचा, हा नियम मी कधीच मोडत नाही.

राहिला तुमचा सहकारी. हे सगळ्यात अवघड आहे आणि इथे मी तुम्हाला हमखास जमेल असं काही सांगू शकत नाही, पण मला काय करून फायदा झाला ते सांगते.

आधी हे ठरवा की त्याच्या मताने आत्ता कुणाचं काही बिघडतंय का. तो नुसतं बोलत असेल तर प्रत्येक वेळी उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तो कुणाला बाळाची लस चुकवायला सांगत असेल किंवा कुणाच्या जातीधर्माबद्दल वाईट बोलत असेल तर मात्र मान डोलावू नका, तिथे एक सरळ वाक्य लागतं, "मला हे पटत नाही आणि माझ्यासमोर असं बोललेलं चालणार नाही", आणि तरीही थांबला नाही तर वरिष्ठांकडे जायचं. पण जिथे नुसतं मत आहे तिथे तुम्ही वाद घातलात म्हणजे काय केलंत, तर त्याच्या दाव्याला आकड्यांनी उत्तर दिलंत. तुमचे आकडे बरोबरच असतील. लसींबद्दल माझंही मत तुमच्यासारखंच आहे. पण त्याला ते "तू मूर्ख आहेस" असं ऐकू गेलं.

माझ्या टीममध्ये दोघींमध्ये असाच अबोला होता, याच विषयावरून. मी दोघींना घेऊन बसले आणि एकच अट घातली, स्वतःचं मत मांडायच्या आधी समोरचीचं मत असं सांगायचं की ती म्हणेल "हो, मला हेच म्हणायचं होतं". पहिली तीन वेळा नापास झाली. दर वेळी ती "तुला लसी धोकादायक वाटतात" असंच म्हणत होती आणि दुसरी मान हलवत होती, नाही, नाही. चौथ्यांदा ती गप्प बसली आणि मग विचारलं, "मग झालं काय होतं नक्की?" तेव्हा कळलं की दुसरीच्या धाकट्या भावाला लस दिल्यावर खूप ताप आला होता, लसीनंतर ताप येतो आणि बहुतेक वेळा तो एक-दोन दिवसांत उतरतोही, पण हे त्या घाबरलेल्या घराला कुणी सांगितलंच नव्हतं, विचारायला गेले तर झिडकारलं होतं. तिचा राग लसीवर कमी आणि त्या झिडकारण्यावर जास्त होता. तिचं मत त्या दिवशी बदललं नाही. पण ती पहिलीला म्हणाली, "तू पहिली आहेस जिने विचारलं."

अशा बोलण्याने मत बदलूही शकतं याला आधार आहे. ब्रूकमन आणि काल्ला या दोघांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मायामीत लोकांच्या दारात जाऊन ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल साधारण दहा मिनिटं बोललं गेलं, माहितीचा मारा न करता, तुम्हाला कधी वेगळं ठरवलं गेलंय का असं विचारून, अनुभव ऐकून, आपला सांगून. पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनी बघितलं तरी तो परिणाम टिकून होता. सगळ्यांचा नाही अर्थात.

दुसरा एक उपाय आहे, पण तो जपून वापरायचा. रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये लोकांना विचारलं की कपड्यांची चेन किंवा संडासाचा फ्लश कसा चालतो हे तुम्हाला किती कळतं, लोकांनी स्वतःला बरे मार्क दिले, मग म्हणाले आता पायरी पायरीने समजावून लिहा, आणि लिहिल्यावर त्यांनी स्वतःचेच मार्क कमी केले. म्हणून "तुला असं का वाटतं?" पेक्षा "हे नक्की कसं होतं, मला सांग ना" हा प्रश्न जास्त काम करतो, "का" विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो आणि "कसं" विचारलं की विचार करायला लागतो. पण हा प्रश्न त्याला पकडण्यासाठी विचारलात तर त्याला लगेच कळेल. आणि आधी स्वतःला विचारून बघा, लस शरीरात नक्की काय करते हे तुम्हाला न अडखळता पाच वाक्यांत सांगता येतं का? मी केलं तेव्हा तिसऱ्या वाक्याला थांबले होते आणि मग नीट वाचलं.

तुमचं मत मात्र लपवू नका, एकदा शांतपणे सांगा. "तुझं म्हणणं मला कळलं, तुझ्याबाबतीत काय झालं तेही कळलं, मला पटत नाही, मी घरातल्या सगळ्यांना लसी देतो." एवढंच. त्यात कळलं आणि पटलं वेगळं झालं, त्याला तुमची मान खोटी वाटायचं कारण उरलं नाही, आणि दर वेळी वाद घालायची जबाबदारीही तुमच्यावरून उतरली.

तर सोमवारी सुरुवात लीडपासून करा, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि चार महिन्यांचं ओझंही तिथेच जास्त आहे. त्याला हा मेसेज पाठवा, तुमच्या भाषेत बदलून घ्या: "कॉलवर तुमचे काही शब्द माझे निसटतात. मी मधेच थांबवून विचारलं तर चालेल ना? आणि कॉल झाल्यावर मला समजलेली कामं तीन ओळींत लिहून पाठवत जाईन, काही चुकलं असेल तर तेवढं सांगा." इतक्या वर्षांत मी हा मेसेज कितीतरी जणांकडून पाठवून घेतलाय, वाईट उत्तर फार क्वचित आलं, बहुतेकांना उलट "माझंही तुझ्या बाबतीत तेच होतं" असं उत्तर मिळालं. आणि त्याचं उत्तर परत नुसतं "ओके." आलं, तर या वेळी त्याचा अर्थ शोधत बसू नका, पुढच्याच कॉलवर पहिला न कळलेला शब्द आला की थांबवा आणि तो शब्द विचारा. काय झालं ते इथे येऊन लिहा, वहीचं ते पान भरलं की त्याचा फोटोही टाका, कोणते अक्षरबदल सापडले ते बघून पुढचं सांगता येईल.